सीलबंद पाकिटातला आवाज

निवृत्त होऊन तीन वर्षं झाली, पण पनवेलच्या ठाण्यातली एक साधी वाटणारी केस अजून मनातून जात नाही.

उरणकडची एक कोळीण पनवेलच्या बाजारात मासळी विकायला यायची. एका दुपारी एसटी स्टँडमागे एकाने सुरा दाखवून तिचा फोन हिसकावला. फिर्याद देताना फोन केवढ्याचा होता, हे ती सांगेना. "त्याच्यात माज्या घरवाल्याचा आवाज हाय," एवढंच म्हणत राहिली. "तो गेला. आता तेवराच उरलाय."

तिसऱ्या दिवशी एका रिक्षावाल्याने खबर दिली की एक इसम फोनचं लॉक तोडून देणारं दुकान विचारत फिरतोय. आम्ही त्याला आणलं. तासभर तो "मी त्या दिवशी पनवेलमध्ये नव्हतोच" म्हणत होता. मला मुळात जास्त बोलायला जमत नाही. मी फायलीत डोकं घालून बसले. शांतता लांबली की माणसं ती स्वतःच भरून काढतात. शेवटी तो वैतागला. "मॅडम, कोळणीचा फोन घेऊन मी काय करणार?"

फोन कोळणीचा आहे, हे आम्ही त्याला सांगितलंच नव्हतं.

संध्याकाळच्या आत पंचांसमक्ष त्याने दाखवलेल्या दुकानातून फोन जप्त झाला. दुकानदाराने अजून त्याला हात लावला नव्हता. बाई धावत आली, तोवर फोन सीलबंद पाकिटात गेला होता.

"द्या ना, मॅडम."

"कोर्टातून मिळेल."

"कंदी?"

मी इंग्रजी शाळेत शिकलेली. अनोळखी माणसाशी बोलताना संकोच व्हायचा, म्हणून पुस्तकातलं नीट उत्तर देऊन मोकळी व्हायचे. तसंच दिलं. सुरा दाखवला म्हणून खटला सत्र न्यायालयात चालणार. त्याआधी इथल्या न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे आरोपपत्र, मग ते प्रकरण वर पाठवणार. शिक्षा झाली तर आरोपी मुंबईला उच्च न्यायालयात जाऊ शकतो, आणि त्याच्याही वर दिल्लीचं सर्वोच्च न्यायालय.

"म्हंजे माजा फोन दिल्लीला जानार?"

मी हसले. ती निघून गेली.

त्यानंतर दर बाजाराच्या दिवशी रिकामी पाटी घेऊन ती मुद्देमाल खोलीच्या दाराशी उभी राहायची. "गेला का वर?" कारकून कपाटातलं पाकीट दाखवून म्हणायचा, "इथंच आहे, मावशी." ती ते लांबून बघायची आणि निघायची. असे पाच महिने गेले.

एकदा आमच्या ठाण्याचं कोर्टाचं काम बघणाऱ्या हवालदारांनी ते पाहिलं. "हिने अर्ज केला नाही?"

"कसला अर्ज?" बाईने विचारलं.

हवालदार माझ्याकडे वळले. "मॅडम, तुम्ही बाईला थेट दिल्ली दाखवलीत. पनवेलच्या कोर्टातली खिडकी तेवढी राहिली."

खरं होतं. खटला अजून खालच्याच कोर्टात होता. मालकाने अर्ज केला, पोलिसांनी हरकत नाही म्हटलं, फोटो आणि पंचनामा झाला की बंधपत्रावर वस्तू परत मिळू शकते. मला हे माहीत होतं. तिने विचारलं होतं 'कधी', आणि मी सांगितलं होतं कोणावर कोण.

अर्ज मी स्वतः लिहून दिला. आठवड्यात आदेश झाला.

फोन माझ्याच टेबलावर चार्जिंगला लावला. तिने पदराला हात पुसून नवऱ्याच्या आवाजातला निरोप लावला. "बंदराला लागलो गं. तू जेवून घे, माजी वाट बगू नको." बस्स. तिने पुन्हा लावला. मग तिसऱ्यांदा.

"एवराच हाय?" ती मला विचारू लागली. "मना वाटलं, तो जास्त बोलला व्हता."

पुढे नोकरीत कुणी 'कधी मिळेल' विचारलं, की मी आधी अर्जाचा कागद पुढे करायचे. पण तिला द्यायला माझ्याकडे काहीच नव्हतं. ते पाच महिने फोन तिच्याजवळ असता, तर नवरा किती बोलला होता हे तिला मला विचारावं लागलं नसतं.