शिरपूरचा श

अमळनेरला आमच्या खोलीत जेवायला दोनच ताटं होती. आबा तेलगिरणीतून आले की ते आणि मी जेवायचो. मग आई तीच ताटं विसळायची आणि बहिणी बसायच्या. जेवताना कुणाची चाहूल लागली की मी दार लोटून घ्यायचो. घरातून कॉलेजात गेलेला मी पहिला, पण ही दोन ताटं मी तिथं कुणाला कळू दिली नाहीत.

पदवी घेऊन जळगावात एका लहान कारखान्यात लागलो. तिथं संगणकाचे मराठी कीबोर्ड बनवायचे होते. कोणती कळ दाबली की कोणतं अक्षर उमटायचं, याचा प्रोग्राम कीबोर्डातल्या इवल्याशा चिपमध्ये मावायला हवा. तो मी लिहिला. शिरपूरच्या छापखानेवाल्या नानांना कीबोर्ड पसंत पडला तर माझी नोकरी पक्की, असं शेठ म्हणाले होते. मी एवढ्या ताठ्यात, की आबांनाही बोलावून घेतलं.

नाना खुर्चीत बसले आणि त्यांनी गावाचं नाव टाइप केलं. पडद्यावर आलं, रपूर.

"काय हो इंजिनियर, आमच्या गावाचं मुंडकं कुठं गेलं?"

सगळे हसले. आबांना वाचता येत नव्हतं, तेही हसले. "हाऊ मना पोऱ्या शे," त्यांनी माझ्याकडे बोट दाखवत नानांना सांगितलं. 

शेठनी माझ्या प्रोग्रामचे कागद पसरले. शाळेत घोकलेली अख्खी बाराखडी मी चिपमध्ये भरायला गेलो होतो. क का कि की, ख खा खि खी, थेट ज्ञपर्यंत. जागा श च्या आधीच संपली होती. आणि मी तपासताना आपलं कमल, गगन करत बसलो.

"एकेका अक्षराला बारा खोल्यांचा बंगला?" शेठ म्हणाले. "कुठल्या घरातून आलास रे तू?"

उत्तर तोंडाशी होतं. ते गिळून मी कागद गोळा केले.

"पुढच्या बाजाराला परत येतो," म्हणून नाना उठले. बाहेर आबांनी एवढंच विचारलं, "जेवना का?" मी खोटंच हो म्हटलं आणि त्यांना अमळनेरच्या एसटीत बसवून दिलं.

मग बाराखडी काढून टाकली. अक्षरं एकदाच ठेवली, मात्रांचा एकच संच ठेवला. जे अक्षर येईल त्याला तीच वेलांटी, मग तीच पुढच्याला. जन्मभर घरी जेवताना हेच तर बघत आलो होतो, दार लोटून.

नाना परत आले तेव्हा आबांना मी बोलावलं नाही. शिरपूर पूर्ण उमटलं. प्रोग्राम चिपमध्ये मावला, वर थोडी जागा उरली, आणि माझी नोकरी पक्की झाली.