कुंपणाला दिलेला होकार

शिलाई मशीन दुरुस्त करणाऱ्या त्या गृहस्थांना सगळी गल्ली मिस्त्री म्हणायची. हातात कसब होतं. कितीही अडून बसलेलं मशीन असो, ते आधी नुसतं चाक फिरवत, कान लावून ऐकत आणि बिघाड कुठे आहे ते सांगत. त्यांच्या स्वतःमध्ये मात्र एक बिघाड होता, आणि तो दुरुस्त करणारं कुणी भेटलं नव्हतं. त्यांना ‘नाही’ म्हणता येत नसे. एकाच सकाळी तीन शिंप्यांना ‘आज येतो’ म्हणून सांगायचे आणि मग त्यातल्या दोघांच्या दुकानांवरून मान खाली घालून सायकल दामटायचे. मिस्त्रींचा ‘हो’ म्हणजे ‘ऐकलं’ एवढंच, हे जुन्या गिऱ्हाइकांना ठाऊक झालं होतं. नव्यांना कळायला वेळ लागे.

त्यांची बायको अगदी दुसऱ्या टोकाची. तीस वर्षं शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेली. तिला सगळे बाई म्हणत. उत्तर बरोबर असलं तरी मधली पायरी गाळली तर बाई अर्धेच मार्क देत, आणि हा नियम घरातही चालू असे. घरातले सगळे नकार बाईच देत. मिस्त्रींना त्याचा मोठा आधार होता.

शेजारच्या घरात एक निवृत्त बस-ड्रायव्हर राहायचे. त्यांची बायको जाऊन चार वर्षं झाली होती. घरात ते आणि एक तपकिरी कुत्रा. ते बाईंना वहिनी म्हणत, बाई त्यांना भाऊजी. दोन्ही परसांच्या मधे लाकडी फळ्यांचं जुनं कुंपण होतं. फळ्या खालून कुजल्या होत्या, आणि कुत्र्याला ते बरोबर माहीत होतं. आठवड्यातून दोनदा तो बाईंच्या टोमॅटोच्या वाफ्यात शिरे आणि तिथे काहीतरी पुरून ठेवलं असल्यासारखा उकरत बसे.

“भाऊजी, हे कुंपण एकदा बघायला हवं,” असं बाई स्वतःच दोन-तीनदा म्हणाल्या होत्या.

ड्रायव्हरांनी ते मनावर घेतलं. एका सकाळी मिस्त्री सायकलीच्या कॅरिअरला अवजारांची पेटी बांधत असताना ते फाटकाशी आले. “मिस्त्री, लोखंडी खांब आणि तारेची जाळी लावून घेतो. माझ्या ओळखीचा गवंडी आहे. खर्च अर्धा-अर्धा. चालेल ना?”

मिस्त्रींच्या डोक्यात त्या वेळी एका शिंप्याचं टाके सोडणारं मशीन होतं. “हो हो, करा की,” म्हणाले आणि सायकलीवर टांग मारून निघाले. कोपऱ्यावर वळेपर्यंत ते बोलणं डोक्यातून गेलंसुद्धा.

चार दिवसांनी लेकीच्या बाळंतपणासाठी नवराबायको दुसऱ्या गावी गेले. तीन आठवड्यांनी परत आले तेव्हा परसात नवंकोरं कुंपण उभं होतं. हिरवे खांब, ताणून बसवलेली जाळी, खाली सिमेंटचा पट्टा. बाईंनी बॅग खाली ठेवली नाही, तशाच बघत राहिल्या. संध्याकाळी ड्रायव्हर एक कागद घेऊन आले. खांब, जाळी, सिमेंट, मजुरी सगळं नीट लिहिलेलं, खाली बेरीज, आणि बेरजेचे दोन भाग.

“भाऊजी, हे कुणाला विचारून केलंत?” बाईंनी विचारलं.

“म्हणजे? विचारूनच केलं की, वहिनी.”

“मला तर नाही विचारलंत.”

ड्रायव्हरांनी बाईंच्या खांद्यावरून मागे पाहिलं. मागे मिस्त्री उभे होते. त्या क्षणी मिस्त्रींना ती सकाळ आठवली, स्वतःचा आवाज आठवला. आता सांगायला हवं, हे त्यांना कळत होतं. पण बाईंची पाठ ताठ झाली होती, आणि ती पाठ ते पस्तीस वर्षं ओळखत होते. त्यांनी मान खाली घातली. ड्रायव्हरांनी त्यांच्याकडे पुरतं बघून घेतलं, मग नजर कागदाकडे वळवली.

“बघा, सवडीने बघा,” एवढंच म्हणाले आणि गेले.

“धडधडीत खोटं बोलतात!” बाई आत येत म्हणाल्या. “कुंपण नको असं मी म्हणत नाही. पण विचारायचं नाही, आपण नसताना उरकून घ्यायचं आणि वर म्हणायचं विचारलं होतं! एक पैसा देणार नाही मी. अहो, तुम्हाला तरी काही बोलले होते का?”

मिस्त्री चपला काढत होते. त्या काढायला त्यांना नेहमीपेक्षा बराच वेळ लागला. “मला... तसं काही आठवत नाही,” ते म्हणाले.

आयुष्यभर खोटे ‘हो’ म्हणणाऱ्या माणसाने पहिल्यांदाच ‘नाही’ म्हटलं होतं, आणि तेही खोटं निघालं.

पुढचे दोन महिने वाईट गेले. भाऊजींचे आधी ‘शेजारचे’ झाले, मग ‘ते गृहस्थ’. वहिनीच्या ‘बाईसाहेब’ झाल्या. बाईंनी एक सविस्तर चिठ्ठी लिहून ड्रायव्हरांच्या टपालपेटीत टाकली. उत्तर आलं नाही, म्हणून दुसरी टाकली. गल्लीत विषय निघाला की बाई सांगत, “तोंडावर खोटं बोलणारा माणूस आहे,” आणि बाईंचा शब्द गल्लीत पक्का समजला जाई. ड्रायव्हर किराणा दुकानात शिरले की आतलं बोलणं थांबू लागलं.

मिस्त्रींना हे सगळं दिसत होतं. रोज सकाळी ठरवायचे, आज सांगतो. न्याहारीला ठरवायचे, रात्री जेवताना सांगू. रात्री बाई म्हणायच्या, “आज किती गप्प आहात,” आणि ते म्हणायचे, “काही नाही, मान दुखतेय.” बाई मग तेल गरम करून मान चोळून द्यायच्या. त्या मायेने त्यांना अधिकच अपराधी वाटायचं. दोष जितका जुना होत होता तितका तो सांगायला अवघड होत होता. पहिल्या दिवशी तो नुसता विसरभोळेपणा होता. आता तो दोन महिन्यांचा खोटेपणा झाला होता.

शेवटी बाईंनीच अर्ज केला. नगरपालिकेच्या ऑफिसात शेजाऱ्यांचे वाद मिटवायला एक टेबल होतं. दुसऱ्या मजल्यावर, जन्ममृत्यूच्या नोंदी आणि पाणीपट्टी यांच्या मधे. टेबलामागे बसलेल्या अधिकारी बाईंना सर्दी झाली होती. समोर तीनच खुर्च्या होत्या. एका टोकाला बाई बसल्या, दुसऱ्या टोकाला ड्रायव्हर, आणि मधली रिकामी खुर्ची मिस्त्रींच्या वाट्याला आली.

अधिकारी बाईंनी कागद वाचले, नाक पुसलं. “हे बघा, कुंपण दोघांचं असतं, तेव्हा खर्चही दोघांचा. पण काम सुरू करण्याआधी दुसऱ्या बाजूला कळवावं लागतं. कळवलं नसेल तर खर्च ज्याने केला त्याचा.” त्या ड्रायव्हरांकडे वळल्या. “तुम्ही कळवलं होतं? कुणाला, कधी?”

बाईंनी हाताची घडी घातली. खोटं कसं उघडं पडतं ते बघायला त्या तयारच होत्या.

ड्रायव्हरांनी घसा साफ केला. ते मिस्त्रींकडे बघतील असं मिस्त्रींना वाटलं होतं. त्यांनी बघितलं नाही. “तसं नीट काही कळवलं नव्हतं म्हणा,” ते म्हणाले. “लिहा, नाही कळवलं. मिटवून टाका.”

अधिकारी बाईंनी पेन उघडलं.

“थांबा,” मिस्त्री म्हणाले. आवाज इतका मोठा निघाला की पाणीपट्टीच्या रांगेतली दोन माणसं वळून बघू लागली. “तसं लिहू नका. त्यांनी विचारलं होतं. मला विचारलं होतं, आमच्या फाटकाशी. मी हो म्हटलं, करा म्हटलं. आणि नंतर हिला सांगितलं नाही.”

अधिकारी बाईंचं पेन तसंच उघडं राहिलं. बाईंनी मान वळवून नवऱ्याकडे पाहिलं.

“कधी आठवलं तुम्हाला?” त्यांनी विचारलं.

“ते कागद घेऊन आले त्याच दिवशी.”

“त्याच दिवशी,” बाई म्हणाल्या. मिस्त्रींना आयुष्यात यापेक्षा कमी बोलून कुणी झोडपलं नव्हतं.

मग बाई उठल्या आणि ड्रायव्हरांसमोर जाऊन उभ्या राहिल्या. “मी तुम्हाला चारचौघांत खोटारडे म्हटलं. चुकलं माझं. चारचौघांतच जाऊन ते दुरुस्त करीन.”

“असू द्या हो, बाईसाहेब...”

“असू कसं द्यायचं? आणि बाईसाहेब म्हणू नका.” त्यांनी पर्समधून तो जुना कागद काढला. “मात्र एक आहे. जुनं कुंपण चार फुटांचं होतं, हे पाच फुटांचं आहे. वरच्या फुटाचं यांना विचारलं होतंत का?”

ड्रायव्हर गडबडले. “नाही. ते गवंडी म्हणाला, कुत्रा उडी मारेल.”

“मग वरचा फूट तुमचा. बाकीचं अर्धं-अर्धं.”

“मान्य,” ड्रायव्हर म्हणाले, आणि दोन महिन्यांत पहिल्यांदा हसले. अधिकारी बाईंनी तसं लिहून घेतलं, तिघांच्या सह्या घेतल्या आणि पुढच्या माणसाला हाक मारली.

घरी येताना बाई दोन पावलं पुढे चालत होत्या. फाटकाशी आल्यावर थांबल्या. “कुंपणाचं मला काही नाही,” त्या म्हणाल्या. “तुमचा विसरभोळेपणाही नवा नाही. पण एका भल्या माणसाला मी रोज शिव्या घालत होते, आणि तुम्ही ऐकत बसला होतात. ते मला जड जातंय, मिस्त्री.” मिस्त्रींनी फाटकाची कडी काढली. पुढचे आठ दिवस घरात कामापुरतंच बोलणं झालं. बाईंनी मात्र शब्द पाळला. किराणा दुकानात, गिरणीत, जिथे जिथे बोलल्या होत्या तिथे तिथे जाऊन सांगून आल्या, चूक आमच्या घरची होती. आमच्या घरची म्हणाल्या, नवऱ्याची म्हणाल्या नाहीत. हे मिस्त्रींना गिरणीवाल्याकडून कळलं, आणि त्या दिवशी त्यांना जेवण नीट गेलं नाही.

ठरलेली रक्कम द्यायला मिस्त्री स्वतः गेले. ड्रायव्हर ओट्यावर बसून कुत्र्याचे केस विंचरत होते. पैसे त्यांनी न मोजता खिशात घातले.

“तुम्ही तेव्हाच का नाही सांगितलंत?” मिस्त्रींनी विचारलं. “माझ्या तोंडावर बोलायला हवं होतं.”

ड्रायव्हरांनी फणीतले केस काढून टाकले. “अहो, तुमच्याकडे बघितलं आणि वाटलं, या माणसाला आता याच बाईबरोबर घरात जायचंय. माझं काय, मला घरात कुणी रागवायला नाही.” थोडं थांबून ते म्हणाले, “दोन-तीन दिवसांत तुम्ही सांगाल असं वाटलं होतं. दोन महिने लावाल असं नव्हतं वाटलं.”

“हो,” मिस्त्री म्हणाले.

ते तिथेच ओट्यावर टेकले. कुत्रा मधे आडवा पसरला होता. जाळीपलीकडे बाई वाफ्यात वाकून काम करत होत्या. त्यांनी मान वर करून दोघांकडे पाहिलं आणि विचारलं, “भाऊजी, टोमॅटो पिकलेत. वरच्या फुटावरून देऊ, की फाटकाने येताय?”