तीन नंबरच्या खिडकीचं पोर्ट

नेटवर्कच्या कामात घाणीची सवय लागते. दुकानदार असो की डॉक्टर, सगळ्या कंप्यूटरच्या वायरी जिथे जुळतात तो स्विच ठेवायचा म्हटला की लोकांना सगळ्यात गलिच्छ कोपराच सापडतो. माधव नगरातल्या त्या पॅथॉलॉजी लॅबने तो बाथरूमवरच्या माळ्यावर ठेवला होता, आणि तेही लघवीचे नमुने द्यायच्या बाथरूमवर. शिडी चढले की खालून तो वास, समोर कबुतरांची विष्ठा आणि भिंतीवर कोण्या महाभागाच्या गुटख्याच्या पिचकाऱ्या. स्विचवर दसऱ्याला काढलेलं कुंकवाचं स्वस्तिक मात्र ठसठशीत. पूजा करतील, पण फडकं मारणार नाहीत. मी नाकाला ओढणी बांधून वायरी सरळ करायची आणि मनातल्या मनात सगळ्यांचा उद्धार करायची.

लॅबच्या देखभालीचं काम माझ्याकडे नवीनच आलं होतं. खाली नोंदणीच्या तीन खिडक्या होत्या आणि तिसरीवर एक काकू बसायच्या. नवऱ्याच्या रेल्वेतल्या बदलीमुळे उज्जैनला आलेल्या, मग इथल्याच झालेल्या. लॅब उघडली तेव्हा मोठ्या डॉक्टरांनी त्यांना नेमलं होतं. आता डॉक्टर अंथरुणाला खिळलेले आणि कारभार जावयाच्या हातात. शेजारच्या दोघी मुली भराभर पावत्या काढायच्या, काकूंची रांग मात्र कायम खोळंबलेली. साखर तपासायला उपाशीपोटी आलेली माणसं करवादायची, आणि काकू प्रत्येकाला हात जोडायच्या. "भैया, बस दो मिनट. मेरी ही गलती है, उमर हो गई."

आपलीच चूक, हे त्यांनी मनापासून मानलं होतं. मी मराठी आहे कळल्यावर एकदा त्यांनी मला जवळ बोलावलं.

"अगं, माझं दिमागच काम नाही करत आता. जावईसाहेबांनी दोनदा कंप्यूटर बदलून दिला, तरी मी तशीच. बटण दाबते, आणि दाबलं की नाही तेच समजत नाही. परत दाबते, तर दोन-दोन पर्च्या निघतात." मग आवाज अगदी खाली आणून म्हणाल्या, "माझ्या आईचं असंच सुरू झालं होतं. शेवटी शेवटी मला ओळखायची पण नाही. रोज भिजवलेले बदाम खाते मी. पाहू."

मला गलबलून आलं. पण कंप्यूटर दोनदा बदलूनही फरक नाही, हे ऐकून डोक्यात किडाही वळवळला. बिघाड टेबलावर नसेल तर तो वायरीत किंवा माळ्यावर असणार. शिडी लावली, लॅपटॉप जोडला, त्यावर स्विचची सेटिंग्ज उघडली.

स्विचवरचं एकेक पोर्ट म्हणजे एकेका टेबलाकडे जाणारा रस्ता. त्याचा वेग स्विच आणि कंप्यूटर आपसात ठरवून घेतात, माणसाने मध्ये पडायची गरज सहसा नसते. बाकी सगळी पोर्टं तशीच मोकळी होती. तीन नंबरच्या खिडकीचं तेवढं हाताने बांधून ठेवलेलं. वेग सगळ्यात कमी, आणि त्यातही जाणं-येणं आळीपाळीनं. म्हणजे काकूंनी बटण दाबायचं आणि माहिती त्या बोळातून खुरडत येईपर्यंत स्वतःच्या डोक्यावर संशय घेत बसायचं. आधीच्या पोराने कुठल्याशा जुनाट मशीनसाठी हे केलं असेल आणि विसरला असेल, असं मला वाटलं. त्याला चार शिव्या घातल्या, पोर्ट मोकळं केलं आणि खाली आले. काकू जेवायला गेल्या होत्या, म्हणून न सांगताच निघाले.

काही दिवसांनी प्रिंटर अडला म्हणून परत गेले, तर रांग होती तशीच आणि काकू हात जोडतायत.

"मधे एक दिवस काय मस्त चाललं गं," त्या म्हणाल्या. "मला वाटलं, बदाम लागू पडले. दुसऱ्या दिवशी परत तेच."

मी प्रिंटर सोडून माळ्यावर गेले. पोर्ट पुन्हा बांधलेलं होतं, अगदी पहिल्यासारखं. स्विचचा पासवर्ड माझ्याकडे होता आणि जावयाकडे.

जावई केबिनमध्ये पोहे खात बसले होते. मिशीला शेव चिकटलेली. मी पोर्टाचं विचारलं तर चक्क हसले.

"अच्छा, वो आपने खोल दिया था? मैं सोचूँ, ये अचानक फास्ट कैसे हो गईं! देखिए मैडम, ससुरजी ने ज़बान दे रखी है कि इनको कोई निकालेगा नहीं. तो हम कहाँ निकाल रहे हैं? खुद ही थक के चली जाएँगी. काउंटर पे थोड़ा फ्रेश चेहरा चाहिए ना." आणि प्लेट माझ्याकडे सरकवली. "पोहे लीजिए."

इतके दिवस त्या माळ्यावरच्या वासात मी उभी राहिले होते, कधी मळमळलं नव्हतं. त्या थंडगार, अत्तर मारलेल्या केबिनमध्ये मात्र पोह्यांची प्लेट मी दूर सारली. त्या माणसाची, त्याच्या हसण्याची, त्या शेवेची मला शिसारी आली. साधी हिंमत नाही तोंडावर 'जा' म्हणायची, म्हणून एका बाईला रोज थोडं थोडं वेडं ठरवायचं, आणि वर पुन्हा शब्द पाळल्याचा आव! असल्यांच्या दारात बारा महिने धूप जळतो.

"मैं पोर्ट खोल रही हूँ," मी म्हटलं. "दोबारा बाँधना हो तो बड़े डॉक्टर साहब के सामने बैठ के बाँधना."

"आपका काम कल से बंद," ते म्हणाले. आता हसत नव्हते.

"आज तो मेरा है ना."

वर जाऊन पोर्ट मोकळं केलं, पासवर्ड बदलला, आणि या खेपेला तडक तिसऱ्या खिडकीशी आले. रांगेतल्या माणसांना थांबायला सांगितलं आणि काकूंना सगळं सांगितलं. पोर्ट म्हणजे काय, ते कुणी बांधलं, कशासाठी बांधलं. त्यांना म्हटलं, आता बटण दाबून बघा. त्यांनी दाबलं आणि पावती लगेच बाहेर आली. ती पावती हातात घेऊन त्या नुसत्या बघत राहिल्या.

मला वाटलं, आता उठतील, केबिनमध्ये जाऊन त्या माणसाला फैलावर घेतील. मी तर त्यांच्याबरोबर जायच्या तयारीतच होते. त्यांनी जावयाचं नावही काढलं नाही.

"म्हणजे आईसारखं नाही ना गं?"

"नाही, काकू. अजिबात नाही."

त्यांनी पर्समधून फोन काढला आणि मुलाला लावला.

"अरे, ते रविवारचं इंदूरच्या दिमागवाल्या डॉक्टरचं कॅन्सल कर. नाही रे, तब्येत ठीक आहे. हो, पक्कं. अरे ऐक ना... मी ठीकच होते."