नानाजींचा दयाळू पिंजरा

वाशीममधल्या आमच्या गल्लीत नानाजींइतका दयाळू माणूस नाही, असं नानाजी स्वतः सांगतात. आजवर त्यांनी मुंगीसुद्धा मारलेली नाही. उंदीर सापडला की ते तो शेजाऱ्याच्या कुंपणापलीकडे सोडतात आणि मांजर सापडलं की गावाबाहेर रिठदच्या रस्त्याला. पुढे त्या जनावराचं काय होतं, ते त्यांच्या दयेच्या हद्दीत येत नाही.

मांजर मारलं तर काशीला सोन्याचं मांजर द्यावं लागतं, ही त्यांना खरी धास्ती. म्हणून नोकरीतून निवृत्त झाल्याबरोबर त्यांनी वेल्डिंगवाल्याकडून जाळीचा पिंजरा करून घेतला. आत खायला ठेवायचं. मांजर शिरलं की मागे दार पडतं. मग वरून पोतं टाकायचं, गावाबाहेर नेऊन पिंजऱ्याला गिरक्या द्यायच्या, म्हणजे जनावराला घराची दिशा कळत नाही, आणि सोडून यायचं. आल्यावर आंघोळ. आंघोळीनंतर गल्लीला भूतदयेवर प्रवचन.

अडचण एवढीच, की दूध-भाकरीला मांजरं फसेनात आणि नानाजींच्या गळ्यात तर तुळशीची माळ. तेव्हा ते गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या वच्छलाकडे सुकट मागायला गेले. एरवी तिच्या घरचं पाणी त्यांना चालत नाही, सुकट चालली. कागदात बांधून घेतली, चिमट्यात धरली आणि हात लांब करून घरी आणली. वच्छलानंही दिली. शेजारधर्म तिला कळतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी पिंजरा भरला. आत वच्छलाचीच कबरी मांजर. तिच्या ज्वारीच्या कोठीपाशी उंदरांवर पहारा करणारी, नुकतीच व्यालेली. वास घरचाच, ओळखीचा. ती कशाला बिचकेल?

तिकडे वच्छलाच्या सरपणामागे पिल्लं टाहो फोडत होती. अजून डोळेही उघडले नव्हते त्यांचे. तिनं कापसाच्या बोळ्यानं दूध पाजून पाहिलं, पण ती तोंडच लावेनात. आई परतली नाही तर ती मरणार, हे उघड होतं. तेवढ्यात नानाजींच्या अंगणातून कबरीचं ओरडणं ऐकू आलं. वच्छला धावली, तिच्यामागे मी, तिची शेजारीण.

नानाजी स्कूटरच्या मागे पिंजरा बांधून उभे होते.

"नानाजी, खोला थो पिंजरा. तिचे पिल्लं उपाशी हायेत."

मायलेकरांची ताटातूट म्हणजे पाप, हे नानाजींना एकदम पटलं. त्यांनी तोडगाही काढला. "पिल्लंबी घेऊन ये. संगंच सोडतो. मी का कसाई हाओ?"

मी म्हटलं, उघड्या रानात कुत्री त्या पिल्लांचा फडशा पाडतील.

"थे त्याईचं नशीब, सूनबाई. आपल्या हातून जीव नाई गेला, म्हनजे झालं."

वच्छलानं पुढे काही ऐकलं नाही. वाकून दोरी सोडायला लागली. नानाजी तिला अडवायला झेपावले, पण पोतं घसरलं होतं आणि जाळीला सुकट चिकटलेली होती. त्यांचा हात बोटभर अंतरावर थबकला.

"धरा ना," वच्छला म्हणाली. "कायले थांबले? जीव वाचवून राह्यले ना तुमी?"

तिनं दार वर उचललं. कबरी अंग चोरून आमच्या पायांमधून निसटली आणि सरळ सरपणामागे गेली. आम्ही पोचेपर्यंत पिल्लांचा आवाज बंद झाला होता, ती आईला लुचत होती. वच्छला खाली बसून बराच वेळ ते पिणं बघत राहिली.

संध्याकाळी मंदिराच्या ओट्यावर नानाजी सांगत होते, की त्या मुक्या जीवाच्या डोळ्यांत आपल्याला आई दिसली, मग कसलं राहवतंय, स्वतःच्या हातानं दार उघडलं. ऐकणाऱ्यांनी माना डोलावल्या. एकजण तर उठून त्यांच्या पाया पडला, आणि नानाजींनी त्याला पडू दिलं.