मंजुरीचं बटण

माझा विश्वासघात करायला लागणारं बटण मीच बनवून दिलं, तेही हिरवं-लाल, ठसठशीत, चष्म्याशिवाय दिसेल असं.

दगा देणारा आमच्या गावच्या मंडळाचा सेक्रेटरी. रत्नागिरीकडचं आमचं गाव एक, शाळेतला बाक एक, आणि आता भाईंदरला इंद्रलोकमध्ये बिल्डिंगी समोरासमोर. मंडळाच्या सभा, सूचना, शिमग्याच्या बसचं बुकिंग सगळं एका ॲपमध्ये आणायचं त्याच्या डोक्यात आलं. ॲप बनवणं हेच माझं काम, त्यामुळे नाही म्हणायचा प्रश्नच नव्हता. एकदाच लिहायचं आणि अँड्रॉइड, आयफोन दोन्हींवर चालवायचं. माझ्याकडे अँड्रॉइड, त्याच्याकडे आयफोन, म्हणून सगळी तपासणी त्याच्या हॉलमध्ये, वहिनींच्या हातचा चहा पीत व्हायची.

गाववाल्यांनी एकमेकांना बोलवावं म्हणून मी निमंत्रणाची सोय जोडली. फोनमधलं नाव निवडायचं, लिंक पाठवायची, समोरच्याने उघडली की तो आत. अँड्रॉइडवर पहिल्याच दिवशी चाललं. आयफोनवर मात्र ॲप डाउनलोड होईपर्यंत कोणी बोलावलं तेच हरवायचं. त्यापायी माझे दोन रविवार गेले, पण मी हटलो नाही.

हा आटापिटा कोणासाठी, ते त्याला ठाऊक होतं. माझ्या ताईने मुसलमान मुलाशी लग्न केलं, मीरा रोडच्या नया नगरला संसार थाटला, आणि गावाने तिचं नाव टाकलं. यंदा ती म्हणाली होती, "आईच्या दारात पालखी येईल तेव्हा एकदा ओटी भरायचीय रे मला." भावोजींच्या गाडीने ती कधीही गेली असती. तिला गावच्या बसमधून उतरायचं होतं, सगळ्यांसोबत. बसमधली सीट आता ॲपमधूनच मिळणार होती.

हे त्याला सांगितलं तेव्हा त्याने माझा हात धरला. "अरे, लहानपणापासून मला राखी बांधलीय तिने. पहिलं निमंत्रण तिलाच पाठव."

त्याच आठवड्यात तो म्हणाला, "माझ्याकडे एक अप्रूव्हलचं बटण टाक ना. नायतर कोणीपण सोम्यागोम्या घुसेल." मला पटलं. मंजूर आणि नामंजूर अशी दोन बटणं केली. नामंजूर झाल्यावर समोरच्याला काय दिसावं, तेही मीच लिहिलं: 'क्षमस्व. आपण या गावचे आहात किंवा नाही, याची खात्री होऊ शकली नाही.' असली वाक्यं आम्ही पाच मिनिटांत उरकतो. ती कुठल्यातरी अनोळखी माणसासाठी असतात.

गुरुवारी ताईला निमंत्रण पाठवलं. सोमवारी त्याचा फोन आला, आवाज पडलेला. "काल मीटिंगमध्ये म्हातारे ऐकेचनात रे. नाव कापायला लावलं. मी खूप भांडलो तिच्यासाठी." आणि मी मूर्ख, मीच त्याला धीर दिला.

ताईला फोन करायचं मात्र धाडस होईना. मंगळवारी दुसरीच एक चूक शोधताना नोंदी उघडल्या. कोणतं बटण कुठल्या फोनवरून कधी दाबलं, हे ॲप लिहून ठेवतं. ताईने लिंक उघडली होती गुरुवारी, तीन वाजून दहा मिनिटांनी. नामंजूर दाबलं गेलं तीन बाराला, त्याच्या आयफोनवरून. सभेला अजून तीन दिवस होते. सभेला गेलेल्या एका काकांना विचारलं तर ते म्हणाले, "तुझ्या बहिणीचा विषयच निघाला नाय बाबा."

तो सरळ तोंडावर नाही म्हणाला असता तर भांडलो असतो आणि विसरलोही असतो. त्याने माझ्याचकडून दार करून घेतलं, कडीही बसवून घेतली आणि तिच्या तोंडावर लावून घेतलं.

ताईकडे गेलो. खण, नारळ, तांदूळ तिने कपाटावर काढून ठेवले होते, तसेच होते. मी सगळं सांगितलं. राखीचं सांगितलं तेव्हा तिने फक्त खाली बघितलं.

मग म्हणाली, "बटण त्याने दाबलं. आणि ते 'खात्री होऊ शकली नाही', ते कोणी लिहिलं?"

"मी."

"वाटलंच," ती म्हणाली. "गुरुवारपासून तेच वाचतेय. भाषा ओळखीची वाटत होती."