बिजलीमिस्त्री गुलाम रसूल

आमच्या देऊळगाव राजात गुलाम रसूलइतका फुशारकी मारणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. त्याचं दुकान माझ्या किराणा दुकानाला लागून होतं, म्हणून ती फुशारकी मला रोज फुकटात ऐकावी लागे. बाप, आजा, सगळे कल्हईवाले. भाता, निखारे, कथील आणि नवसागराचा पांढरा धूर यांत त्यांचे जन्म गेले. हा मात्र तरुणपणी खामगावला एका जिनिंगमध्ये कामाला लागला. तिथं मालकानं वर बटण दाबलं की खाली कारकुनाच्या डोक्यावर घंटी वाजते हे त्यानं पाहिलं, आणि त्याचं डोकंच फिरलं. परत आला तो तारेची गुंडाळी बगलेत मारूनच. आल्याबरोबर दुकानावर स्वतःच्या हातानं पाटी रंगवली: बिजलीमिस्त्री गुलाम रसूल.

गावात तेव्हा वीज आलेली नव्हती. दिवाबत्ती सगळी रॉकेलवर. मी त्याला डिवचायचो, "अबे, बिजली कुठं हाय आपल्या गावात?"

"बरणीत हाय, किसनभाऊ," तो छाती काढून म्हणायचा. आणि खरंच दाखवायचा. काचेची बरणी, तिच्यात नवसागराचं पाणी, त्यात जस्ताची कांडी आणि मध्ये कोळशाची वडी. अशा तीनचार बरण्या तारेनं जोडल्या की घंटी खणखणायची. "बाप नवसागरानं भांडे चमकवत होता, मी घंटी वाजवतो. खानदानी धंदाच हाय ना आमचा!"

लोक हसायचे आणि घंटीऐवजी भांडीच आणून द्यायचे. पोट कुणाला चुकलंय? इमामबी, त्याची बायको, मागल्या अंगणात भाता मारायची आणि हा पुढच्या दाराला पडदा ओढून कल्हई करायचा. पण कुणी तोंडावर कल्हईवाला म्हटलं, की भडकायचा. एकदा तर गिऱ्हाइकाची कल्हई झालेली परात त्यानं रस्त्यावर भिरकावली होती. मिस्त्री म्हणा, नाहीतर दुसरीकडे जा, असा खाक्या.

शेवटी त्याला मिस्त्री केलं ते पंजाबरावांनी. म्हणजे खरं तर सत्यभामाबाईंनी.

पंजाबराव आमच्याकडचे मोठे जमीनदार. कापूस विकायला भाव येईतो घरातल्याच एका खोलीत भरून ठेवायचे. त्या साली सुलतानपूरला त्यांच्या एका सोयऱ्याच्या घरी अशाच खोलीला आग लागली आणि कापसासकट अर्धं घर जळालं. त्यात चोऱ्यांचा सुळसुळाट. मोगलाईची हद्द आमच्यापासून हाकेच्या अंतरावर. चोर इकडे हात मारायचे आणि तिकडे निजामाच्या मुलखात पसार व्हायचे. पंजाबरावांची झोप उडाली. तेव्हा त्यांच्या बायकोनं, सत्यभामाबाईंनी, सुचवलं, "त्या रसूलभाईची घंटी लावून पाहा ना. पुरं गाव हसते त्याले, पण वाजते तं खरी."

गुलाम रसूल त्या घरात जवळजवळ पंधरवडा खपला. एरवी बंद राहणाऱ्या प्रत्येक दाराच्या चौकटीत पितळेच्या दोन पट्ट्या बसवल्या. दार बंद असलं की त्या वेगळ्या राहायच्या, उघडलं की वरची पट्टी उसळून खालचीला भिडायची आणि घंटी सुरू. कापसाच्या खोलीत आढ्याखालून मेणाचा दोरा ताणला. आग लागली की दोरा जळणार, त्यानं अडवलेली पट्टी सुटणार, आणि घंटी बोंबलणार. तारा भिंतीत न पुरता त्यानं तुळयांवरून नेल्या, कारण भिंतीतला ओलावा तार खाऊन टाकतो. घंटी लावली माजघराच्या दारावर, म्हणजे आत बायकांनाही ऐकू जाईल आणि बाहेर गल्लीलाही.

प्रश्न आला बरण्यांचा. त्यांतलं पाणी आटतं, वरचेवर घालावं लागतं, तारांना हिरवट गंज धरतो तो खरवडावा लागतो. पंजाबराव असल्या भानगडीत पडणारे नव्हेत. परक्या पुरुषाला रोज माजघरात घ्यायचं, तेही जमेना. मग दाराच्या फळीआड उभं राहून सत्यभामाबाईच शिकल्या. घंटी कशी काढायची, कशी टांगायची, कुठली तार कुठल्या स्क्रूला. गुलाम रसूल संध्याकाळी मला सांगायचा, "किसनभाऊ, त्या बाईचं डोकं मिस्त्रीचं हाय. एकदा सांगतलं की पुन्हा इचारत नाही."

काम झालं त्या दिवशी सगळी गल्ली गोळा झाली. त्यानं कापसाच्या खोलीतला दोरा काढून अंगणात ताणला, काडी लावली, आणि घंटी अशी काही ओरडली की गोठ्यातला बैल दावं तोडून पळाला. पंजाबराव खूश. त्यांनी त्याला फेटा बांधला. पुढे एकदा उंदरानं तो दोरा कुरतडला आणि भरदुपारी सारं घर हंडे घेऊन धावलं, तेव्हा तेच पंजाबराव म्हणाले, ही पीडा काढून टाका. पण सत्यभामाबाईंनी हसून दोरा पुन्हा बांधला.

फेटा मात्र गुलाम रसूलच्या डोक्यावरून उतरेना. आता त्याला चिखलीहून एका कापूसवाल्याचा निरोप होता, दसरा झाला की आमच्याकडे या. इमामबीला त्यानं सांगून टाकलं होतं, दसऱ्यानंतर भाता मोडीत काढायचा. एवढ्या वर्षांची पाटी आता कुठं खरी होणार होती.

आणि नवमीच्या दिवशी पंजाबरावांच्या घरी चोरी झाली.

आमच्याकडे नवरात्रात बालाजीचा मोठा उत्सव. पंजाबरावांचा तिथं मान, ते दुपारपासूनच देवळात. तिन्हीसांजेला घरातली बाकीची माणसंही आरतीला गेली. परतली तेव्हा मागलं दार उचकटलेलं आणि पेटीतले दागिने गायब. आणि घंटी? शेजारीपाजारी कुणीच ऐकली नव्हती.

दसऱ्याच्या सकाळी फौजदार आले. पंच म्हणून मला बोलावलं, कारण मला लिहितावाचता येतं आणि माझी जीभ लांब असली तरी खोटं बोलत नाही असा गावात समज आहे. गुलाम रसूलही आला, न बोलावता. चोरी ऐकून त्याचा चेहरा उतरलेला होता. वाटेत मला म्हणाला, "बरण्यातलं पाणी आटलं असंन का? पण बाई तं पाणी घालते. स्क्रू ढिला झाला असंन का?" दागिन्यांचं त्याच्या डोक्यातच नव्हतं. घंटी का वाजली नाही, एवढंच त्याला खात होतं.

फौजदारांनी मागलं दार लावलं आणि उघडलं. घंटी खणखणीत वाजली.

गुलाम रसूल हसला. मला ते हसू अजून दिसतं. भर पंचनाम्यात, सगळ्यांदेखत, तो खुळा, आपली पोरगी परीक्षेत पास झाल्यासारखा हसला.

फौजदार शांतपणे म्हणाले, "घंटी चांगली आहे. मग काल वाजली का नाही? कुठली तार सोडली की ती मुकी होते, हे कुणाला ठाऊक?"

अंगणातल्या सगळ्या माना त्याच्याकडे वळल्या. हसू तिथंच विरलं. म्हणजे घंटी बिघडली असती तर तो निकामी मिस्त्री ठरला असता. ती धड निघाली, म्हणून चोरांचा साथीदार ठरत होता.

"मले पाहू द्या," तो म्हणाला आणि स्टुलावर चढला. पंच म्हणून मी शेजारी उभा होतो. त्यानं घंटीच्या वाटीखाली बोट घातलं, आणि बोटाला कुंकू लागलं. वाटीच्या कडेला झेंडूची एक पाकळी चिकटली होती. तारही उलटी गुंडाळलेली. तो नेहमी स्क्रू आवळताना तार घट्ट होईल अशी गुंडाळायचा. ही कुणीतरी घाईत टांगली होती.

मला लख्ख कळलं. काल खंडेनवमी होती. राबणाऱ्या प्रत्येक वस्तूला त्या दिवशी पूजा आणि विसावा. माझ्या दुकानात तराजूसुद्धा फुलं वाहून निजवला होता. पंजाबराव बाहेरच्या खोलीत तलवार-बंदूक पुजून देवळात गेले, आणि आत सत्यभामाबाईंनी आपली हत्यारं मांडली. विळी, सूप, जातं. आणि त्यांत ही घंटीही, कारण ती त्यांचीच होती, तिला पाणी त्याच घालत होत्या. वर्षभर राबते, तिलाही एक दिवस सुटी. राखणदाराला सुटी देऊ नये, हे त्या बाईच्या मनात यावं तरी कसं? चोरी उघड झाल्यावर माणसं मागलं दार ओढून घेऊन चोरांच्या मागे धावली, तेवढ्यात त्यांनी घंटी परत टांगली असणार.

गुलाम रसूलनं माजघराच्या दाराकडे पाहिलं. फळीआड हिरव्या लुगड्याचा काठ दिसत होता.

सत्यभामाबाईंना मूल नव्हतं. पंजाबरावांच्या भावांनी दुसरं स्थळ पाहून ठेवलं होतं. माहेरी आता कुणी उरलं नव्हतं. पंजाबराव फक्त निमित्ताला टेकले होते, हे गावाला माहीत होतं. गुलाम रसूललाही होतं.

मी तोंड उघडणार, एवढ्यात त्यानं स्टुलावरून उतरताना माझा हात असा दाबला की बोटं कळवळली. कुंकू त्यानं फेट्याच्या शेमल्याला पुसलं.

"साहेब," तो म्हणाला, "घंटी कच्ची हाय. कधी वाजते, कधी नाही. काम माह्यंच बराबर नाही झालं."

"आता तर वाजली."

"पुन्हा पाहा. मी दाखवतो." तो मागल्या दाराशी गेला. पट्ट्या तपासल्यासारखं केलं. त्याच्या अंगठ्यानं वरची पट्टी मागे वाकवलेली मी पाहिली. पंधरा दिवस कानस घासून बसवलेली पट्टी. मग त्यानं दार उघडलं.

काहीच वाजलं नाही. त्यानं लावलं, पुन्हा उघडलं. तरी नाही.

अंगणात कुणीतरी फिसकन हसलं. पंजाबराव पुढे झाले आणि त्याच्या डोक्यावरचा फेटा ओढून काढला. "अबे कल्हईवाल्या! तुह्या भरवशावर मी घर टाकून गेलो होतो काय बे!"

माझ्यासमोर परात भिरकावणारा तो माणूस खाली मान घालून उभा राहिला. फौजदारांनी त्याला जायला सांगितलं. निकामी काम हा काही गुन्हा नव्हे. ते हद्दीकडच्या वाटेनं माग काढायला निघून गेले.

मला त्या बाईचा राग आला. आजही येतो. एक शब्द, एक शब्द बोलली असती! आणि बोलली असती तर काय झालं असतं, हेही मला कळतं, म्हणून राग कुठं ठेवावा ते सुचत नाही.

दुपारी इमामबीनं दुकानातच त्याला धारेवर धरलं. "काऊन केलं असं? खरं सांगाचं होतं ना! उत्सवाले आलेला चिखलीवाल्याचा माणूस आताच सांगून गेला, येऊ नका म्हणून. आता कोण बोलावंन तुमाले?"

"तिले त्या घरातून काढलं तं ते जाईन कुठं?" तो म्हणाला. "मले कल्हई तं हाय."

ती रडत आत गेली आणि थोड्या वेळानं मागून भात्याचा आवाज येऊ लागला. बाहेर लोक नवे कपडे घालून सोनं वाटत फिरत होते. आमच्या बाजूला कुणी वळलं नाही. मी माझ्या गल्ल्यावरून उठून त्याच्या फळीवर जाऊन बसलो. डिवचायला जीभ उचलेना.

शेवटी त्यानंच विचारलं, माझ्याकडे न पाहता.

"किसनभाऊ, पह्यल्या खेपेले वाजली होती ना?"

"वाजली," मी म्हणालो.

"चांगली वाजली ना?"

"पुऱ्या गल्लीनं ऐकली, मिस्त्री."