पाच पोरींचा एक नंबर

माझी बायको चौथी शिकलेली होती, आणि पाच पोरींच्या कॉलेजच्या फॉर्मवर तिचा मोबाईल नंबर होता. चार पोरी मला माहीत होत्या. पाचवी माहीत नव्हती. कोणाचंही नाव लिहीत नाही, कारण या हिंदी मुलुखातल्या गढा मोहल्ल्यात आमची गल्ली लहान आहे आणि पोरींना अजून तिथेच राहायचं आहे.

हे कॉलेज म्हणजे इमारत नव्हे, फोनवरचं कॉलेज. घरी बसून फोनमध्ये मास्तरांचे धडे पाहायचे, परीक्षेला तेवढं सेंटरवर जायचं. गरिबाच्या पोरीला स्कॉलरशिप मिळते, त्यात फी निघून जाते. फॉर्मवर मोबाईल नंबर द्यावा लागतो. त्यावर आकडे येतात, ते सांगितले की फॉर्म पुढे सरकतो. आणि आमच्या गल्लीत फोन असतो बापाच्या नाहीतर भावाच्या खिशात. भाऊ ऑफर पाहून सिम बदलत राहतो, आणि बहिणीच्या कॉलेजचा मेसेज आला तरी तिला सांगत नाही. माझ्या बायकोचा नंबर बारा वर्षांत बदलला नव्हता. पहिली पोरगी आली, म्हणाली, काकू, तुमचा नंबर लिहू का? ही म्हणाली, लिही ना, काहून विचारते? मग दुसरी आली, तिसरी आली.

फॉर्म भरायचा बाजारातला कॉम्प्युटरवाला. तो फोन करून आकडे विचारायचा. ही एका हातात कणकेचा गोळा घेऊन एकेक आकडा मोठ्याने सांगायची.

मी म्हणायचो, "सगळ्या मोहल्ल्याला सांगून राहिली का?"

"तुम्हाला विचारतं का कोणी? मला विचारतात," असं म्हणून ती पुन्हा पोळ्यांना लागायची.

चौघींतली एक, समोरच्या घरातली, तर आमच्याकडेच शिकायची. तिचा बाप ऑटो चालवतो. माणूस वाईट नाही, पण पोरीच्या हातात फोन द्यायचा नाही हे त्याचं पक्कं. म्हणून ती दुपारी आमच्याकडे यायची, बायकोचा फोन डब्याला टेकवून ठेवायची आणि वहीत लिहायची. बायको शेजारी बसून मटार सोलत तेच धडे ऐकायची. एकदा संध्याकाळी मला म्हणाली, "नदी म्हातारी झाली की हळू चालते अन् वळणं घेते. पुस्तकात लिहिलं आहे म्हणे." मी म्हटलं, यात काय नवीन आहे.

दिवाळीनंतर ती गेली. ताप आला, मग छाती भरली, मग हॉस्पिटल, आणि मग मी एकटा घरी आलो.

तिचा फोन वाजत राहिला. भाजीवाली, तिची नागपूरची बहीण, कुठल्यातरी बँकेची पोरगी. "मॅडमजी हैं?" नहीं हैं. "कब तक आएँगी?" याला माणसाने काय सांगायचं? तेरावं झाल्यावर मी फोन बंद केला आणि कपाटात तिच्या लुगड्यांखाली ठेवला. रिचार्ज केला नाही. मला त्या फोनचा राग होता. तो चालू होता आणि ती नव्हती, एवढंच कारण.

समोरची पोरगी त्यानंतरही येत राहिली. मी दार अर्धंच उघडायचो. ती विचारायची, चहा करून देऊ का? मी नको म्हणायचो. फोन मागायची तिला हिंमत झाली नाही आणि मला सुचलं नाही. खरं सांगायचं तर सुचलं होतं. दिला नाही.

होळी झाल्यावर एका सकाळी ती आली आणि दारात उभी राहूनच म्हणाली, "काकाजी, काकूंचा फोन एक बार चालू कर दो ना."

तिचं मराठी असंच, अर्धं हिंदी.

"काहून?"

"स्कॉलरशिप रुक गई. कॉलेजवाले म्हणतात मी नकली आहे."

"नकली म्हणजे?"

"म्हणजे मी नाहीच आहे. लड़की है ही नहीं, फक्त नाव आहे, असं. ते काकूंच्या नंबरवर फोन करत होते. कोणी उचलला नाही."

परीक्षेचा फॉर्म शनिवारी बंद होणार होता. स्कॉलरशिप नाही तर फी नाही, फी नाही तर फॉर्म नाही. आणि हे साल गेलं तर बाप पुढचं साल देणार नाही, हे मला तिने सांगायची गरज नव्हती.

मी फोन काढला, चार्ज केला. चालू झाला पण टॉवर येईना. मदन महल भागातल्या मोबाईलवाल्या दुकानात नेला. त्याने पाहिलं आणि परत दिला. "नंबर तो गया, दादाजी. इतने महीने बंद रखोगे तो कंपनी वापस ले लेती है. नया ले लो."

म्हणजे मी माझ्या रागापायी तिचा नंबर घालवला होता, आणि नंबरबरोबर चार पोरींचं साल.

मग मी ऑटोने नेपियर टाउनला गेलो. तिथे एका दवाखान्याच्या वर, दोन जिने चढून, त्या कॉलेजचं ऑफिस आहे. तपासणीचं काम एका मॅडमकडे होतं. वय तिशी-पस्तिशीचं, टेबलावर डबा उघडा आणि जेवायला वेळ नाही. त्या हिंदीत बोलल्या, मी मराठीत लिहितो.

मी सरळच म्हटलं, "तुम्ही आमच्या पोरींना नकली ठरवलं."

"ठरवलं नाही, थांबवलं आहे," त्या म्हणाल्या. "काकाजी, लोक दुसऱ्यांचे कागद आणून नावं भरतात. नाव असतं, फोटो असतो, शिकणारं कोणी नसतं. स्कॉलरशिप उचलतात आणि गायब होतात. खऱ्या पोरींच्या वाट्याचं तेवढं कमी होतं. म्हणून एका नंबरवर जास्त फॉर्म दिसले की आम्ही थांबवतो आणि फोन करतो. तुमच्या नंबरवर मी स्वतः किती दिवस फोन लावला. बंद. यातल्या एका मुलीने तर चार महिन्यांत एक धडा पाहिलेला नाही. तुम्ही माझ्या खुर्चीत असता तर काय केलं असतं?"

"थांबवलं असतं," मी म्हणालो.

त्यांनी वर पाहिलं. मी सांगितलं की बत्तीस वर्षं मी फॅक्टरीत माल तपासायच्या खात्यात काढली. एक पीस मापाच्या गेजमध्ये बसला नाही की सगळा लॉट बाजूला. साहेब ओरडला तरी बाजूला. पण बाजूला ठेवलेला लॉट कोणी भंगारात टाकत नाही. एकेक पीस उचलून गेजला लावतात. चांगला तो पुढे जातो.

"तुम्ही एकेक लावा," मी म्हटलं. "नंबर माझ्या बायकोचा होता. ती वारली. फोन मी बंद ठेवला. पोरी खऱ्या आहेत."

मॅडमनी स्क्रीन माझ्याकडे वळवली आणि नावं वाचली. पहिली चार मला माहीत होती. पाचवं मी कधी ऐकलं नव्हतं. पत्ता आमच्याच गल्लीचा, आणि घराचा नंबर असा की त्या जागी पाण्याची टाकी आहे.

"हीपण तुमच्या ओळखीची ना?" त्यांनी विचारलं. "पाचही जणींसाठी लिहून दिलंत तर सोपं जाईल."

नाही म्हटलं तर माझी बायको खोट्यात सापडणार, आणि एक खोटी निघाली म्हणून बाकीच्या चौघींवर शंका येणार. हो म्हटलं तर सगळं त्या टेबलावर मिटत होतं. काय झालं असेल ते मला समजलं होतं. कॉम्प्युटरवाल्याने कधीतरी एक फोन जास्तीचा केला असेल, काकू, आकडे सांगा, आणि हिने सांगितले असतील. माझी बायको भोळी होती असं मी लिहिणार नाही. भाजीवालीला विचारा. पण पोरींचं काम म्हटलं की ती कोणाचं आहे हे विचारायची नाही. तिथे बसल्या बसल्या मला तिचा फार राग आला. ती घरी असती तर भांडलो असतो.

"ही मला माहीत नाही," मी म्हणालो. "त्या पत्त्यावर घर नाही, टाकी आहे. आणि फॉर्म कोणी भरले तेही सांगतो."

मॅडमनी लिहून घेतलं. म्हणाल्या, पाचवीला पत्र जाईल, आली तर तिचंही ऐकू. चौघींनी शुक्रवारपर्यंत इथे समोर यायचं. प्रत्येकीचा नंबर वेगळा, तिच्याच नावावर, आणि धड्यातलं काय विचारीन ते तिने सांगायचं.

तिघींच्या घरी फार बोलावं लागलं नाही. भाऊ कुरकुरले आणि सिम आणून दिले. उरला समोरचा. संध्याकाळी तो ऑटो धूत होता.

"सिम पोरीच्या नावावर?" तो म्हणाला. "काका, आज फोन दिला तर उद्या काय होईल माहीत आहे ना?"

"उद्या काही होत नाही. शनिवारी होईल. तिचं साल जाईल."

"तुमच्याकडे बसून शिकत होती तेव्हा मी कधी नाही म्हटलं का? काकू होत्या, मला फिकर नव्हती."

"काकू आता नाही."

"मग तुम्ही होता ना," तो म्हणाला. "चार महिने ती तुमच्या दारातून परत येऊन राहिली. मी रोज पाहत होतो. आता मला शिकवता?"

त्याने बादली ऑटोवर ओतली. माझ्या चपला भिजल्या. मी जागचा हललो नाही, कारण तो खोटं बोलत नव्हता.

"चूक माझी आहे," मी म्हटलं. "तर मला बोल. तिच्याकडून काहून वसूल करून राहिला?"

त्याने बराच वेळ सीट पुसली. मग घराकडे पाहून ओरडला, "आधार कार्ड काढून ठेव ग." आणि मला म्हणाला, "शुक्रवारी मीच नेतो. चौघी मागे बसतील, तुम्ही माझ्या बाजूला. पोलिसाने धरलं तर तुम्ही उतरून बोला."

पोलिसाने धरलं नाही. मॅडमनी एकेकीला समोर बसवलं. आमच्यावालीला सगळ्यात जास्त विचारलं, चार महिन्यांचा खाडा होता म्हणून. मग तिने वही उघडली आणि दिवाळीपर्यंतचे धडे पान उलटून उलटून सांगितले. पुढचं विचारलं तेव्हा म्हणाली, "आगे का नहीं देखा, मॅडम. फोन नहीं था." मॅडमनी वही बंद करून तिला परत दिली आणि स्कॉलरशिपच्या फॉर्मवर सही केली.

मग त्यांनी माझ्यापुढे कागद ठेवले. प्रत्येक पोरीच्या फॉर्मला एक, असे चार. जुना नंबर कोणाचा होता आणि तो काहून काढायचा हे मला माझ्या हाताने लिहायचं होतं. मी लिहिलं, हा नंबर माझ्या पत्नीचा होता, ती आता नाही.

"काकाजी, 'मृत' लिहावं लागेल," मॅडम हळूच म्हणाल्या. "'नाही' म्हटलं तर वर चालत नाही."

पहिल्या कागदावर तो शब्द लिहायला मला वेळ लागला. दुसऱ्यावरही लागला. चौथ्या वेळी हात सरळ चालला, आणि त्याचंच मला जास्त वाईट वाटलं.

बाकी तिघी घरी जाऊन फॉर्म भरणार होत्या. समोरची म्हणाली, मी इथेच भरते, आणि खुर्ची ओढून तिच्या नव्या नंबरवर परीक्षेचा फॉर्म भरायला बसली. मी जिने उतरून खाली आलो. तिचा बाप ऑटो लावून उभा होता. बाजाराची वेळ, रस्ता भरलेला. एक बाई पिशव्या घेऊन आली, ग्वारीघाट चलोगे म्हणाली, भाडंही दुप्पट देते म्हणाली.

"नहीं दीदी," तो म्हणाला. "मेरी सवारी ऊपर है. कॉलेज गई है."